विहिरीवरचा भंडारा

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी टँकरपाशी हंडे लावून उभी होते. शेजारणीनं येऊन सांगितलं. मी हंडे भरून घेतले, घरी नेऊन ठेवले आणि मगच त्यांच्या दाराकडं वळले. टँकर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. याला सव्वा महिना होऊन गेला, पण ते हंडे काही डोक्यावरून उतरत नाहीत… गावात टँकर यायची वेळ येऊ नये म्हणून त्या बाईनं जे बांधून ठेवलं होतं, ते पहिल्यांदा मोडलं आमच्या घरानं.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलत जाऊ. आमचं गाव भूमच्या पलीकडं, माळावर. सरपंचाची जागा बायकांना राखीव झाली तेव्हा गावातल्या पुरुषांनी त्यांना उभं केलं. सही करतील आणि गप बसतील असा त्यांचा हिशोब. आक्कांनी सह्या केल्या, पण गप काही बसल्या नाहीत. माझा बाप निजामाच्या राज्यात वेठीला राबलेला. तो आम्हाला सांगायचा, "आता राज्य आपलं हाय, मागायला लाजू नगा." आम्ही लाजलो नाही. राज्य आपलं झालं म्हणजे मागायला मोकळे झालो, एवढंच आम्ही त्यातून शिकलो. त्यामुळं पुढारी म्हणजे आणणारा. कुणी रस्ता आणला, कुणी सभामंडप, कुणी विजेचा डीपी. आक्कांनीही शाळेला खोल्या आणल्या, टाकी बांधली, दारोदार नळ आणला. पण त्या अडवणाऱ्याही होत्या, आणि अडवणारा पुढारी कुणालाच नको असतो.

पिण्याच्या विहिरीचं पाणी टिकावं म्हणून तिच्या लगतच्या शेतांत उसासाठी कुणी बोअर पाडायचा नाही, असा ठराव त्यांनी केला. ठराव कागदावरच राहतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक घरातल्या एकाला विहिरीवर बोलावलं. आपल्या देवळीतली तुळजापूरच्या भंडाऱ्याची डबी आणली आणि बेलाच्या पानावर चिमूटभर भंडारा ठेवून एकेकाला उचलायला लावला. आमच्याकडं घरातल्या एकानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली की सगळं घर बांधलं जातं. आमच्या घरातून मी उचलला. आमचं शेत विहिरीला चिकटूनच.

"मुंबईवरनं कुणी बघायला येणार न्हाय," आक्का म्हणाल्या. "आई बघती तेवढं पुरं."

एक म्हातारा मागून बोलला, "आईला ऊस चालत न्हाय व्हय?"

"चालतो की. पर तिला बी प्यायला पाणी लागतं, ऊस चोखून ऱ्हात न्हाय ती."

लोक हसले आणि उचलला सगळ्यांनी. आक्कांची पाच वर्षं गावानं तो पाळला. वैशाखातही नळाला पाणी असायचं.

पुढच्या निवडणुकीला त्या पुन्हा उभ्या राहिल्या. माझा मुलगा समोरच्या पॅनलमध्ये. ते लोक दिवेलागणीला घरी आले, तेव्हा मतासाठी उचलायच्या भंडाऱ्याचं ताट त्याच्याच हातात होतं. पॅनल आलं की आमच्या शेतात डीपी बसणार होता. मी उचलला. लपवणं मला जमत नाही, म्हणून सकाळी उठून आक्कांकडं गेले. त्या ज्वारी पाखडत होत्या.

"आक्का, म्या त्यांचा भंडारा उचललाय. पर मत तुमालाच देते. आईचं काय ते मी बघून घेईन."

त्यांनी सूप थांबवलं नाही. "देऊ नगस."

"खुळ्या हाव का? पडाल तुमी."

"पडते की. पर आज माझ्यासाठी तू भंडारा मोडलास, तर उद्या पाण्याचा कोण पाळंल, इमल?"

मी मत पलीकडं दिलं. आक्का थोडक्यात पडल्या. त्यांनी मला मोकळं केलं, असं मी धरून चालले. मोकळं केलं नव्हतं. पाण्याचा भंडारा त्यांनी माझ्या अंगावर टाकला होता.

डीपी आला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेतात बोअरची गाडी उभी राहिली. मी मुलाला म्हणाले, "आरं, आपल्या घरचा भंडारा हाय." तो म्हणाला, "तू उचललास, म्या न्हाय. शेत माझ्या नावावर हाय." त्या गाडीपुढं जाऊन बसता आलं असतं मला. मी गाडीवरच्या माणसांना चहा केला.

आवाज ऐकून आक्का आल्या. बांधावर उभ्या राहिल्या, मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"इमल, तू उचलला व्हतास न्हवं?"

"उचलला व्हता."

मी त्यांनाही चहा दिला. त्या प्यायल्या आणि उठताना म्हणाल्या, "साखर लई घातलीस. अजून ऊस तर लावायचाय."

सरपंचीणबाईच्या भावकीनंच पाडला म्हटल्यावर गाव कशाला थांबतं… शेताशेतात बोअर झाले. विहीर आटली, मग आमचा बोअरही आटला. पुढाऱ्यांनी गाव बुडवलं असं पारावर आजही बोलतात, आणि मी ऐकून घेते. मताचा भंडारा आमच्या घरानं पाळला, कारण पाळला की डीपी मिळत होता. पाण्याचा मोडला, कारण तो पाळून नवं काहीच मिळत नव्हतं. जे होतं ते राहणार होतं, एवढंच.

दर मंगळवारी मी आक्कांकडं जायची. त्या देवळीतली डबी काढून माझ्या कपाळाला भंडारा लावायच्या. बोअरनंतरही त्यांनी ते थांबवलं नाही. रागानं चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अंगठ्यानं भंडारा लावायच्या आणि डबी बंद करायच्या.

मी अजून जाते. परवा त्यांच्या सुनेनं विचारलं, "काकू, निवडणूक आलीय. डबी मागायला लोक येत्याल. देऊ का?"

"देऊ नगस," मी म्हणाले.

तिनं माझ्यासाठी डबी उघडली. मी कपाळ पुढं केलं. भंडारा उचलणारे हात पदराखालीच ठेवले.