मागांच्या सुट्टीचं व्होल्टेज

इचलकरंजीत आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग होते. कान मंद झाल्यावर त्या खडखडाटात वडिलांना रेडिओ ऐकू येईना. म्हणून त्यांच्याच जुन्या, वाळवी लागलेल्या रेडिओतले दोन व्हॉल्व्ह, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्या, काढून मी हेडफोनसाठी आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. बाकी सामान भंगारातलं, पेटी बिस्किटांच्या डब्याची. तसे व्हॉल्व्ह आता मिळत नव्हते आणि जादा व्होल्टेजनं ते जळतात, म्हणून आधी सहा दिवस घरातलं व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं. रोज २३२च्या आसपास. सातव्या दिवशी मागांना सुट्टी, म्हणून मीही घेतली. तिथंच चुकलो.

चार दिवस वडील खुशीत बातम्या ऐकत होते. मागांच्या सुट्टीला सकाळी एक व्हॉल्व्ह लख्ख पेटला आणि कायमचा विझला. मीटर लावला तर २६८!

मी तडक वीज मंडळाच्या वायरमनला गाठलं.

"पावणं, सगळे माग चालले की व्होल्टेज पडतंय. म्हणून ट्रान्सफॉर्मरवर वाढवून ठेवलंय. सुट्टीला चढणारच की."

"सुट्टीला घरात माणसं राहत न्हाईत व्हय?"

"तुमच्या एका रेडिओपायी मालकांचे माग थांबवू काय?"

तसाच घरी आलो. वडील हेडफोन लावूनच बसले होते; व्हॉल्व्ह गेल्याचं त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

"आता ह्यातबी ऐकू येईना. माझे कानच गेले की रं," ते म्हणाले.

"कान न्हाई गेले, आबा!" मी ओरडलो. माग बंद होते, त्यामुळे सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. वडिलांनी मात्र हेडफोन काढला नाही.