उघड्या पाठीचा, बंद पाठीचा

हेडफोन घेतला गाणी ऐकायला. दोन वर्षांत गाणी किती ऐकली ते विचारू नका, किस्से मात्र इतके साठलेत की चहाच्या टपरीवर मला बघितलं की लोक खुर्ची पुढं ओढतात. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'कानसेन'. सभासद तीन. मी, हायस्कूलात गणित शिकवणारा. दस्तगीर, उचगावात गाड्यांच्या सीटा शिवतो. आणि संभा पैलवान, कुस्ती सोडून आता म्हशी सांभाळतो. तिघांत शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा. मी नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

माझ्याकडं दोन हेडफोन. दोन्ही भारीतले, दोन्ही बायकोला न विचारता घेतलेले. एक ओपन-बॅक, म्हणजे कानावरच्या वाट्यांना मागून नुसती जाळी. गाणं मोकळं वाटतं, पण आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत. दुसरा क्लोज्ड-बॅक, मागून ठार बंद. आतलं आत, बाहेरचं बाहेर. दोघांत चांगला कुठला, यावर मी कुणाशीही, कितीही वेळ बोलू शकतो. लोकांनी मला फार सहन केलंय.

*

ओपन-बॅकच्या गाद्या झिजल्या. दस्तगीर म्हणाला, "द्या हिकडं, नव्या शिवून देतो." चार दिवसांनी त्याच्या दुकानात गेलो.

"डोळं मिटा सर," म्हणाला, आणि त्यानंच हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला, गाणं लावलं. मी लगेच सुरू झालो. "बघ, ह्याला म्हणतात मोकळेपणा! बंद हेडफोनला हे जन्मात जमायचं नाही. हवा खेळतेय रे सुरांतून!" चांगली दहा मिनिटं बोललो. सीट बदलायला आलेली दोन गिऱ्हाइकंही थांबून ऐकत होती.

हेडफोन काढून हातात घेतला. दोन्ही जाळ्यांवर मरून रेक्झिन! वर पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई!

"कंपनीनं पाठ उघडीच सोडलीती," दस्तगीर म्हणाला. "समदा आवाज भायेर सांडत हुता. केलं बंद. आता पावसात घाला, काय हुईत न्हाय."

त्या दिवशी ग्रुपवर मी काही लिहिलं नाही.

*

ब्लेडनं रेक्झिन सोडवलं आणि तोच हेडफोन घालून एसटीनं सासुरवाडीला, गडहिंग्लजला निघालो. गाडीचा खडखडाट जाळीतून थेट कानात, म्हणून आवाज पूर्ण वाढवला. शाळेत मी शास्त्रीय संगीताचा माणूस म्हणून ओळखला जातो. ऐकत होतो लावणी. डोळे मिटून, मान डोलवत, तोंडावर यमन रागाचा भाव ठेवून.

कागल सोडलं आणि शेजारच्या टोपीवाल्या आजोबांनी मांडीवर थाप मारली. "पावणं, दुसरं कडवं परत लावा की. गाडी खड्ड्यात गेलती, ऐकू आलं न्हाय."

मागच्या सीटवरून बाईंचा आवाज आला, "आन् मला पयल्यापास्नं!"

*

मग क्लोज्ड-बॅकचा भक्त झालो. सुरेखा, म्हणजे आमची बायको, शेजारी हळदीकुंकवाला जाताना सांगून गेली, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी स्वयंपाकघरातच स्टूल टाकून बसलो, कुकरच्या समोर. जबाबदारीनं! आणि हेडफोन चढवला.

खांद्यावर हात पडला तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. दारात सुरेखा, हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका आणि खालच्या मजल्यावरचे काका.

काका म्हणाले, "एकोणीस झाल्या, सर. तुम्ही गणिताचे, म्हटलं मोजत असाल."

लाजेनं मेल्यासारखं झालं. बायका गेल्यावर सुरेखा ओरडलीसुद्धा नाही. करपलेला कुकर घासता घासता एवढंच म्हणाली, "दोनातला एक ह्या घरात राहील. कुठला ते ठरवा. मी बोललेलं निम्मं ह्या भिंतीच ऐकत्यात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

निवाड्याला मी पैलवानाला बोलावलं. त्याचे दोन्ही कान आखाड्यात मोडलेले, गोळा झालेले. बंद हेडफोन त्या कानांवर बसेचना. कडेनं फट राहायची आणि बास, म्हणजे खालच्या सुरांचा घुमारा, सगळा गळून जायचा. मी सात समीक्षा वाचून साउंडस्टेज म्हणजे काय, कुठलं वाद्य कुठल्या बाजूला, किती लांब वाजतंय ते कसं कळतं, हे त्याला समजावून सांगत होतो. ओपन-बॅकवर कुस्तीच्या मैदानातलं हलगीचं रेकॉर्डिंग लावलं.

पैलवानानं डोळे मिटले. "हलगीवाला माज्या उजव्या अंगाला हाय. दोन पावलं मागं. डाव्या बाजूला कुणीतरी शड्डू ठोकलाय, पर त्यो लांब हाय. आन् हलगीवाला दमलाय."

मी तेच रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकलं होतं. मला हलगी ऐकू आली होती. "दमलाय हे कसं कळलं?" मी विचारलं.

"तुमी वाचताय, सर," तो म्हणाला. "मी ऐकलं."

*

पैलवानाचं मत ओपन-बॅकला, दस्तगीरचं बंदला ("उघडं काय बी वापरू नये, धूळ जाती"), आणि माझं रोज बदलणारं. शेवटी मी गणितवाल्यासारखा तक्ता केला. बास, मोकळेपणा, वजन, घाम, दहापैकी गुण. बेरीज दोन्हीकडं सारखी! तक्ता फ्रीजवर चिकटवला.

सुरेखानं चष्मा लावून तो सावकाश वाचला. "सगळं हाय की ह्यात. बायकोच्या आवाजाचा रकाना कुठाय?"

मी हसलो. ती हसली नाही. "रविवारी सकाळी दोघांना बोलवा," म्हणाली. "परीक्षा मीच घेतो."

रविवारी दोघं आले, सोफ्यावर बसले. मी मधे खुर्चीत, डोळ्यांवर टॉवेल बांधलेला. अट एकच. ती हेडफोन चढवणार, हलगी लावणार, आणि हातानं न चाचपता मी ओळखायचं.

पहिला चढवला. हलगी सुरू झाली. हलगीच्या मागून सुरेखा म्हणाली, "टाकीचा नळ बंद केला का?"

"केला," मी म्हणालो. आणि लगेच, "ओपन-बॅक!"

दस्तगीरनं टाळ्या वाजवल्या. त्याही ऐकू आल्या. मला वाटलं, झालं, पास!

दुसरा चढवला. बाहेरचं जग बंद झालं. हलगी अशी छातीत वाजायला लागली की मला राहवेना. मी मोठ्यानं भाषणच सुरू केलं. "हा बास बघा! ही खोली! कानाच्या आत फक्त मी आणि हलगी, तिसरं कुणी नाही. ह्याला म्हणतात सुख! क्लोज्ड-बॅक, शंभर टक्के! आणि माझा निर्णय झाला, हाच राहणार!"

टाळ्यांची वाट बघितली. मग टॉवेल सोडला, हेडफोन उतरवला.

सुरेखा खोलीत नव्हती. स्वयंपाकघराचं दार लावलेलं. दस्तगीर खिडकीतून बाहेर बघत होता. पैलवान मान खाली घालून सोफ्याखाली पायानं चप्पल शोधत होता. चपला तर त्यानं बाहेर काढल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"वहिनी बोलल्या तुमच्याशी," दस्तगीर खिडकीकडंच बघत म्हणाला.

"काय बोलली?"

मांडीवरच्या हेडफोनमधून हलगी बारीक वाजत होती.

"अरे, काय बोलली?"

पैलवान उठला. "चांगलं मोठ्यांदा बोलल्या की, सर," म्हणाला.

"दोनदा," दस्तगीर म्हणाला.