सरांनी निवडलेला समुद्र

फळ्याच्या मधोमध वरून खाली एक उभी रेघ ओढायची, हातातला खडू पोरांकडे रोखायचा आणि म्हणायचं, "घाई नाही. दोन्ही बाजू पाहू." आमच्या भूगोलाच्या सरांचा तास असा सुरू व्हायचा. डावीकडे काळी माती, उजवीकडे तांबडी. डावीकडे ज्वारी, उजवीकडे गहू. तास संपताना फळा दोन्हीकडून सारखा भरलेला असायचा आणि सर खडूचे हात झटकत समाधानाने बाहेर पडायचे.

अडचण अशी की शाळा सुटली तरी ती रेघ त्यांच्या डोक्यातून पुसली जायची नाही. एका वर्षी त्यांना छत्री घ्यायची होती. लाकडी दांड्याची की लोखंडी, याचा विचार पोळ्यापर्यंत चालला आणि दुकानदाराने उरलेल्या छत्र्या माळ्यावर टाकल्या. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की मी मुद्दाम विचारायची, "सर, साखर एक चमचा की दीड?" ते खरोखर विचार करायचे आणि चहा निवून जायचा. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला हसतो आणि आपल्या घरचं काही ठरवायचं असलं की सल्ला त्यालाच विचारतो, कारण तो कुणाचं वाईट होऊ देत नाही.

शाळा अकोल्याची. मी तिथे गणित शिकवायची. सर शाळेत माझे सहकारी आणि गल्लीत माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. साठ सालानंतरची दोनतीन वर्षं असतील, तेव्हा सरांनी लग्न केलं. वय चाळीस. लोक म्हणायचे, मुलगी पसंत करायला पंधरा वर्षं लावली. ते काही खरं नाही. धाकट्या दोन बहिणींची लग्नं आधी करायची होती. वहिनी तेल्हाऱ्याच्या, बत्तीस वर्षांच्या. आई लहानपणी गेलेली, पाठची चार भावंडं त्यांनी वाढवली होती. दोघंही दुसऱ्यांचं करून मग स्वतःच्या लग्नापर्यंत पोचलेली, म्हणून मला त्या लग्नाचा फार आनंद झाला होता.

पण घर दोन खोल्यांचं. सरांच्या आईला एकटीला झोपवत नसे, म्हणून सून आत सासूजवळ आणि सर बाहेरच्या खोलीत. मी कान लावून बसणारी नव्हे, पण भिंत पातळ होती. पलीकडून म्हातारीचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, सरांच्या खोकल्याचासुद्धा यायचा. लग्नाला तीन महिने झाले तरी त्या दोघांचं बोलणं मला कधी ऐकू आलं नाही.

हनिमून हा शब्द आमच्यात आणला चित्रकलेच्या मास्तरांनी, तोही थट्टेत. "सर, उन्हाळ्याची सुट्टी येते आहे. वहिनींना घेऊन कुठे जाणार हनिमूनला?" सगळे हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून फुलस्केप कागद काढला. मधोमध रेघ. डावीकडे लिहिलं होतं वाळवंट आणि उजवीकडे समुद्र.

वीस वर्षं ते हे दोन धडे शिकवत होते. वाळूच्या टेकड्या कशा सरकतात आणि भरती-ओहोटी कशी येते, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. दोन्हींपैकी काहीही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यापेक्षा चिखलदऱ्याला जा की. हवा थंड, खर्च कमी." त्यांनी मान हलवली. "तिथे कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच, बाई." तेव्हा मला कळलं की या माणसाला काय हवं आहे ते त्याला नीट माहीत आहे. त्याला बायकोबरोबर चार दिवस दोघांनीच राहायचं होतं. त्याच्यासाठीच सगळा खटाटोप चालला होता.

त्यांनी पत्रं लिहिली. एक जोधपूरच्याही पलीकडे, वाळूच्या टेकड्यांजवळ असलेल्या एका विश्रामगृहाला. दुसरं पुरीला, समुद्रासमोरच्या एका लॉजला. उत्तरं शाळेच्या पत्त्यावर मागवली, कारण घरी आलेलं प्रत्येक पत्र म्हातारी मोठ्याने वाचून घ्यायची. वाळवंटाचं उत्तर आधी आलं. मे महिन्यात इकडे कुणी फिरकत नाही, आलात तर सगळं विश्रामगृह तुमचंच, उंटाची सोय करू. पुरीवाल्यांनी कळवलं, खिडकीतून समुद्र दिसतो, शाकाहारी मंडळींची भांडी वेगळी ठेवतो.

मग सगळ्या शाळेला काम मिळालं. हेडमास्तर म्हणाले, समुद्राची हवा प्रकृतीला चांगली. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "मे महिन्यात वाळवंट पाहायला अकोलेकरानं तिकीट कशाला काढायचं? घराबाहेर उभं राहावं!" एका मधल्या सुट्टीत आम्ही खडूच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून मतदानसुद्धा घेतलं आणि नेमकी बरोबरी झाली. मीही हसत हसत समुद्राची चिठ्ठी टाकली होती. सर प्रत्येकाचं म्हणणं योग्य बाजूला लिहून घेत होते.

एप्रिलात एका दुपारी वहिनी आणि मी गच्चीवर कुरडया राखत बसलो होतो. मी सहज विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय आवडेल? समुद्र की वाळवंट?"

"मले?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. मग कुरडई उलटवत म्हणाल्या, "वाळवंट. तिथं लई दूरवर पाह्यलं तरी मानूस दिसत नाई म्हनते. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मंग तिथंच. जलम गेला मानसायच्या गर्दीत. तिथं मी एखांदा शब्द बोलली तं त्यायलेच आयकू जाईन, दुसऱ्या कोनाले नाई."

"आणि ऊन?"

"ऊन आपल्याले नवं हाय का, बाई?" त्या हसल्या. एवढ्या मोकळ्या हसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

मी म्हटलं, "मग सांगा ना सरांना आजच." हसू तिथेच थांबलं. "नाई. तुमी बी सांगू नोका. साऱ्या शाळेले इचारून राहिले थे. एखांद्या दिवशी मले बी इचारतीन. इचारलं की सांगन." त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "मायी शपथ हाय तुमाले." मी शब्द दिला. त्यात मला त्या वेळी काही अवघड वाटलं नाही. नवराबायकोची गंमत आहे, चार दिवसांत तो विचारेल, असंच मी धरून चालले.

चार दिवस गेले, आठ गेले. शेवटी शिक्षकांच्या खोलीत मीच म्हटलं, "सर, वहिनींना विचारलंत का?"

"तिला विचारलं तर ती म्हणेल, तुम्ही न्याल तिकडे. उगाच तिला कोड्यात कशाला टाकायचं?" मग कागदाची घडी उलगडून म्हणाले, "मी सगळं पाहून ठरवतो, बाई. तिला त्रास होता कामा नये, एवढंच." इतक्या मायेने म्हणाले की मला त्यांचा रागही धड येईना. वाळवंट हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. शपथ आठवली आणि मी गणिताच्या वह्या उचलून वर्गावर गेले.

त्यांनी समुद्र निवडला. उजव्या बाजूला सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'तिला ऊन बाधणार नाही.' तो कागद त्यांनी मला मोठ्या अभिमानाने दाखवला.

त्याच संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं, आणि भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज आला. "पुरी? जगन्नाथाची पुरी? अरे, मंग मी बी येतो! माया जल्माचं सोनं होईन!" दोन दिवसांत अमरावतीहून तिची विधवा बहीण पिशवी घेऊन हजर झाली. आता सांगा, म्हातारी आई देवाला चल म्हणते, तिला नाही म्हणणारा मुलगा त्या वेळी आमच्या वऱ्हाडात कुठे होता? वाळवंटात आमच्या म्हाताऱ्यांच्या ओळखीचा देव नव्हता, समुद्राकाठी होता. कागदावर दोन्ही बाजू इतक्या भरल्या होत्या, त्यात हे लिहायचं तेवढं सरांकडून राहून गेलं. लॉजला नकार गेला. धर्मशाळेला पत्र गेलं.

स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. चार माणसं, एक ट्रंक, स्टोव्ह आणि ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, कारण मावशी बाहेरचं खायच्या नाहीत. वहिनींनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मी सांगितलं नाही, याचा त्यांना आनंद झाला होता की राग आला होता, ते मला अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये त्या प्रसाद घेऊन आल्या. मी विचारलं, "समुद्र कसा आहे?"

"मोठा हाय." मग जरा वेळाने म्हणाल्या, "धर्मशाळेत बाया इकडं, मानसं तिकडं. पान्यात उतरलो तवा एका हातानं सासूबाईले धरलं, एका हातानं मावशीले. थे काठावर कपड्यायचं गाठोडं सांभाळत उभे होते. त्यायनं लांबून मले हात केला. मी कशी करू? माये दोनी हात गुतले होते."

मी प्रसाद घेतला.

आषाढात नवी सून माहेरी जाते, तशा त्या भावाबरोबर तेल्हाऱ्याला गेल्या. श्रावण संपला, पोळा झाला, गौरी आल्या आणि गेल्या. त्या आल्या नाहीत. भांडण नाही, निरोप नाही. भावाचं एक कार्ड आलं, 'ताई इथे बरी आहे.' म्हातारी दारात येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणू लागली, "मी काय कमी केलं हिले? देवाले नेलं!" सर वर्गात फळ्यावर रेघ ओढून तसेच उभे राहायचे, असं पोरं सांगायची.

एका दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, ती तुम्हाला काही बोलली होती का?" मी सगळं सांगितलं. गच्ची, कुरडया, वाळवंट, शपथ.

"मग तिनं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

शाळेत कायम पुस्तकी बोलणाऱ्या सरांची भाषा तेव्हा एकदम घरची झाली. "आन तुमी? तुमी तरी मले सांगाले पायजे होतं, बाई." मला रडू आलं. मी म्हटलं, तेल्हाऱ्याला जा, एकटे जा, आणि तिला विचारा.

ते रविवारी गेले. सोबत आई आणि मामा. सुनेला आणायला वडीलधाऱ्यांशिवाय जायचं नसतं ना! ओट्यावर पुरुष बसले, आत बायका. वहिनींनी सगळ्यांच्या पाया पडून चहा दिला, फराळ दिला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. सोमवारी सर मला म्हणाले, "विचारायचं राहूनच गेलं." इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र ते कुणालाही न सांगता एकटे गेले. शाळा उघडली त्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं. वहिनी शेतात होत्या, कापूस वेचत. बाकीच्या बाया सर आलेले पाहून दूरच्या तासांवर, म्हणजे ओळींवर, सरकल्या. सर कापसाच्या पराट्यांतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "तुले कुठं जावाचं होतं?"

वहिनींनी पाठ सरळ केली. "इचारलं तुमी. बरं वाटलं." मग पुन्हा वाकून बोंडाला हात घातला. "आषाढात आली तवा लई रडली मी. वाट पाह्यली. आता कुठं जावाचं नाई मले."

सरांना जावंसं वाटेना, म्हणून तेही शेजारच्या तासाला लागून कापूस वेचू लागले. कोटाला कापसाचे तंतू चिकटले होते, असं त्यांनी मला सांगितलं. ते कशाला सांगितलं कोण जाणे. थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "तुमची मोटार हुकंन." मग ते निघाले.

त्यानंतर दोन वर्षं ते शाळेत होते. म्हातारी गेली तेव्हा तेल्हाऱ्याहून भाऊ आला, वहिनी आल्या नाहीत. मेळघाटात धारणीला नवी शाळा निघाली, तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. सरांनी अर्ज केला. या वेळी त्यांनी कुणालाच सल्ला विचारला नाही. निरोपाच्या सभेत हेडमास्तरांनी मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "सर फार चांगले शिक्षक आहेत," एवढं म्हणाले आणि बसले.

मोटार स्टँडवर मी त्यांना गाठलं. "सर, माझं चुकलं."

"नाही, बाई," ते म्हणाले. "तुम्ही तिला शब्द दिला होता. विचारायचं काम माझं होतं." गाडी आली, ते चढले. पुढे मेळघाटातून त्यांची दोन पत्रं आली, मग तीही थांबली.

त्यांनी मला असं मोकळं केलं. मला ते आजवर जमलेलं नाही. शपथ होती म्हणून मी गप्प बसले, हे खरं. पण त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ती मोडली असती, तर काय झालं असतं? वहिनी चारआठ दिवस माझ्याशी बोलल्या नसत्या. तेवढंच झालं असतं.