लाईट नसलेल्या गुरुवारी

शेळगावच्या ठमाबाईंना इंदापुरात खटावकर डॉक्टरांचाच गुण यायचा. गोळ्या रक्तदाबाच्या, कुठंही मिळाव्यात अशा. पण खुर्चीवर टेकायच्या आत डॉक्टर विचारत, "ठमाबाई, मनिषा काय म्हणते?" मनिषा ही त्यांची लेक, सांगवीला दिलेली. त्याआधी, त्यांचे मालक बिरदेव मेंढरं राखायचे तेव्हा, कळप कुठवर आला म्हणून विचारत. बाकावरचे बाकीचे पेशंट हे ऐकत, आणि ठमाबाईंचं अर्धं दुखणं तिथंच उतरे.

अठ्ठ्याण्णव साली डॉक्टरांनी कॉम्प्युटर घेतला. शेजारी रोहिणी नावाची मुलगी टाइप करायला. दवाखाना आमच्या भिंतीला भिंत लावून. एसटीची वेळ होईस्तोवर ठमाबाई आमच्या पायरीवर टेकत. तिथं तक्रार सुरू झाली. डॉक्टर आता त्या डब्याकडं बघून बोलतात, आणि आपलं दुखणं ती पोरगी आधी ऐकते.

हे एकवेळ त्यांनी सोसलं असतं. पण धाकटी जाऊ द्वारकाबाई गुडघ्यासाठी दुसऱ्यांदा गेली, आणि डॉक्टरांनी स्क्रीनवर नजर टाकून तिला नावानं हाक मारली, डावा गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. द्वारकाबाईनं शेळगावभर सांगितलं.

"माझं केस पांढरं झालं तवा मला नावानं वळखाय लागलं," ठमाबाई मला म्हणाल्या. "हिला दोन खेपंत?"

ते त्यांच्या लक्षात नसतं हो, तिथं लिहिलेलं असतं, असं मी समजावलं. त्यावर त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं, हे मला दिसलं.

आमच्याकडं गुरुवारी संध्याकाळपर्यंत लाईट नसे. गोळ्या संपून चक्कर येत होती, तरी ठमाबाई गुरुवारपर्यंत थांबल्या आणि गुडघा दाखवून घे म्हणत जावेला सोबत घेऊन आल्या. मुलाच्या खोकल्याचं औषध घ्यायला मीही तिथंच बाकावर होते.

कॉम्प्युटर बंद, रोहिणी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. डॉक्टरांनी द्वारकाबाईला विचारलं, "नाव काय तुमचं? काय होतंय?" तिचा चेहरा उतरला. मग ठमाबाईंकडं वळून, "या ठमाबाई. मनिषाला काय झालं, मुलगा की मुलगी?"

ठमाबाईंनी सगळं सांगितलं. बाळंतपण, बारसं, व्याह्यांनी आणलेलं लुगडं, नातीचं नाक कुणासारखं. डॉक्टर पेन ठेवून हसत ऐकत होते. तेवढ्यात बाहेर अपघाताचा पेशंट आला आणि ते उठले.

पायरीवर चहा पिताना ठमाबाई माझ्याशीच बोलत होत्या, जावेकडं पाठ करून. द्वारकाबाई शेवटी म्हणाली, "आक्का, तुमच्या गोळ्या?"

त्या उठायला गेल्या आणि झोक जाऊन त्यांनी दाराची चौकट धरली. मी परत आत चला म्हटलं. हिच्यादेखत जाऊन इसरले म्हणू व्हय, असं पुटपुटत त्या एसटीला निघाल्या. द्वारकाबाईनं दंड धरला तो त्यांनी झटकला, आणि दोन पावलांवर पुन्हा धरू दिला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या. चेहरा पांढराफटक होता, म्हणून मी हाताला धरून आत नेलं. लाईट होती. डॉक्टर स्क्रीन वाचत म्हणाले, "गोळ्या तर मागच्याच आठवड्यात संपल्यात. काल बोलला का नाहीत?"

"काल तुमी माझ्याकडं बघत हुता," ठमाबाई म्हणाल्या. "मंग गोळ्यांचं ध्यानातच राहिलं न्हाय."

रोहिणीचे हात थांबले. डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला.

ठमाबाईंनी दुसरा हात कॉम्प्युटरच्या दिशेनं हलवला. "आदी ह्या डब्याला जरा भाईर बसवा," त्या म्हणाल्या.