जागेवरचे काका

हवालदारकाका पंचनामा कधी टेबलावर लिहीत नसत. चोरी असो की अपघात, ते तिथेच उकिडवे बसत आणि मांडीवर पॅड ठेवून लिहीत. पाऊस आला तर पंचालाच छत्री धरायला लावत. मग लिहिलेलं सगळं मोठ्याने, सावकाश वाचून दाखवत आणि त्यानंतरच सह्या घेत. "जागेवर लिवा, जागेवर वाचा," हे त्यांचं पालुपद. तालुक्यात त्यांचं नावच पडलं होतं, जागेवरचे काका. आम्ही वकील मंडळी मात्र वैतागायचो, कारण त्यांच्या पंचनाम्यात खोट म्हणून सापडत नसे.

मी तेव्हा वकिलीत नवी होते आणि तोंडाची फटकळ. अशात सोमाची केस माझ्याकडे आली. सोमा ढिवर, गावच्या तलावात मासे धरणारा. त्याच्या झोपडीत मोहाची दारू सापडली असा गुन्हा, आणि पंचनाम्याखाली सही चक्क काकांची! शिक्षा झाली की मच्छीमार सोसायटीतून नाव कटणार आणि तलाव कायमचा बंद होणार, म्हणून सोमा रडकुंडीला आलेला. "बाई, काका आलेच नाही जी माझ्या घरी. कोणीच नाही आलं," असं तो परत परत सांगायचा. मी त्यालाच वेड्यात काढलं. काका आणि खोटा पंचनामा? छे!

उलटतपासणीत मी निव्वळ सवयीने विचारलं, पंचनामा ठाण्यात बसून लिहिला, हे खरं आहे का? हा प्रश्न आम्ही प्रत्येक पोलिसाला विचारतो आणि प्रत्येक पोलीस नाही म्हणतो. काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"खरं हाये. त्या दिवशी पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले होते. घरी जायची घाई. ठाणेदार साहेबांनी तयार कागद समोर ठेवला, मी सही केलो. वाचून बी नाही पाहिलो."

सरकारी वकिलांनी डोक्याला हात लावला. सोमा सुटला. साहेबांची नुसती बदली झाली आणि काकांच्या मागे खात्याची चौकशी लागली. बढती गेली ती गेलीच.

त्यापुढचं सांगायला मला अजूनही लाज वाटते. वर्षभराने दुसऱ्या एका केसमध्ये काकांचा पंचनामा अगदी चोख होता. पण आरोपी माझा अशील. मी उभी राहिले आणि म्हटलं, या साक्षीदाराने पूर्वी खोट्या पंचनाम्यावर सही केलेली आहे. बाहेर चहाच्या टपरीवर मी माफी मागायला गेले, तर काका म्हणाले, "काहून? सही तर माझीच होती. तुमी नाही विचारान त कोण विचारन?" वर माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

गेल्या वर्षी आम्ही काही वकिलांनी सरकारला द्यायला एक निवेदन लिहायला घेतलं. एखाद्या पोलिसाने आधी खोटं लिहिलं असेल तर ते पोलीस खात्याने आरोपीच्या वकिलाला आपणहून कळवायचं, आणि अशी चौकशी खात्याबाहेरच्या माणसांनी करायची, असा कायदा राज्यात व्हावा, हे आमचं मागणं. त्यासाठी उदाहरण हवं होतं. निवृत्त होऊन लाखनीला राहायला गेलेल्या काकांकडे मी गेले आणि म्हटलं, "नाव गाळते, काका. तुमचे जावई पोलिसात आहेत, लोक काय म्हणतील?"

केवढे उखडले! "कायले गाळता? बिनानावाच्या कागदाले कोण विचारते? पोरीले सांगून ठेवलो हाये मी. आन् माझा जबाब घरात बसून नाही लिवायचा. चला जागेवर."

गुडघे बोंबलत होते, तरी सोमाच्या झोपडीसमोर, तलावाच्या बांधावर ते उकिडवे बसले. मांडीवर तेच जुनं पॅड. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचायला लागले: "मी या ठिकाणी आलो नव्हतो. सोमाच्या घरी मी काहीही पाहिले नाही. तरीही सही केली." मग पंच म्हणून सहीसाठी त्यांनी कागद सोमापुढेच धरला.

सोमाने जाळं बाजूला ठेवलं आणि ओले हात लुंगीला पुसले. "अजून एक डाव वाचा जी, काका," तो म्हणाला. काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सोमाने सगळं ऐकून घेतलं, मग सही केली.

कायदा अजून आलेला नाही. काका मात्र या उन्हाळ्यात गेले. मी पोचले तेव्हा सोमा माझ्याआधीच येऊन अंगणात बसलेला होता. काकांच्या जावयाने त्याला ओळखलं नाही. विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

सोमा उठून उभा राहिला. म्हणाला, "मी त्यायचा पंच आहो जी."