राजक्काची जीभ

मामेबहीण लक्ष्मीचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याच्या बसस्टँडवर चहा घेत उभा होतो. "भाऊ, आई गेली," एवढंच ती म्हणाली. गोंडपिपरीला तिच्या घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, फक्त थकवा आला. सात-आठ महिने आम्ही सगळे या फोनचीच वाट पाहत होतो, आणि वाट पाहूनही माणूस थकतो... त्या फोनला आता महिना होऊन गेला.

राजक्का माझी मामी. मामाने तिला सिरोंच्याकडून लग्न करून आणलं. तिची भाषा तेलुगू. इकडे येऊन ती आमची बोली आमच्याहून ठसक्यात बोलायला लागली, पण एखादी गोष्ट मनापासून आवडली की तोंडून "मंचिदी" असंच निघायचं. मंचिदी म्हणजे चांगलं. तिचे वडील गोदावरीकाठी तंबाखू लावायचे आणि घरीच चुट्टे वळायचे. चुट्टा म्हणजे तिकडचा हाताने वळलेला जाड चिरूट. संध्याकाळी भांडी घासून झाली की मामी ओट्यावर बसून एक चुट्टा ओढायची. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "हासू दे त्याहिले," मामा होता तेव्हा म्हणायचा, "तिच्या माहेरचं आहे ते." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तंबाखूचं पान नाकाशी धरून ते कोणत्या मातीतलं, कधी तोडलेलं, पावसात भिजलेलं की नाही, हे ती सांगायची.

मी चंद्रपूरजवळच्या एका लहानशा तंबाखूच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. आमच्या साहेबांनी एक नवीन सिगार काढायचं ठरवलं. करंगळीपेक्षा बारीक, सोनेरी पट्टीची, महागडी. वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती रिसॉर्टमध्ये ठेवायची होती. चव पारखायला बाहेरून दोन माणसं आणली, ती टिकली नाहीत. मी भीतभीतच मामीचं नाव काढलं. साहेब हसले, आणि आठवड्याने म्हणाले, "आणा तर खरं."

ती नऊवारी नेसून आली. सकाळपासून तिने फक्त मुरमुरे खाल्ले होते, वर साधं पाणी. कांदा नाही, चहा नाही. टेबलावरची सिगार उचलून तिने आधी कानाशी नेली आणि दोन बोटांत हळूच दाबली. "कडकड करून राह्यली. जास्त सुकली," म्हणाली. दुसरी घेतली. तिचं टोक हुंगलं, न पेटवताच एक कोरडा दम ओढला आणि डोळे मिटून बसली. मग काडी ओढली, गंधकाचा वास जाईपर्यंत थांबली, आणि सिगार फिरवत फिरवत पेटवली. धूर पोटात घेतला नाही. तोंडात धरला, घोळवला, थोडा नाकातून सोडला. दोन दमांमध्ये ती इतका वेळ घेत होती की साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"लवकर नाई का होत, बाई?"

"बारीक हाय ना हे, साहेब. घाई केली तं धूर तापते, अन् जीभ भाजते. जाड चुट्ट्यात आतला माल बोलते. याच्यात वरचं पानच बोलते. त्याले बोलू द्या ना."

पांढरट राख बोटाच्या पेरभर लांब झाली तरी पडली नाही. शेवटच्या तिसऱ्या भागापर्यंत ती ओढत राहिली, कारण म्हणे पानाची खोड शेवटालाच कळते. मग सिगार खाली ठेवून म्हणाली, "मंचिदी. भाजल्या शेंगदाण्यावानी लागते, अन् मागून जरासा गूळ." त्या दिवशी साहेबांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. पुढे प्रत्येक डब्यात एक कार्ड जाऊ लागलं. त्यावर तिचा फोटो, मालाबद्दलचं मत आणि खाली तिच्या अंगठ्याचा ठसा. एक कार्ड तिने घरी देवाजवळ ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षी मागणी वाढली. पानांचे ढीग मुरायला ठेवले होते, ते वेळेआधीच उघडले. मामीने त्यातली सिगार नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं. "गोठ्यातल्या मुताचा वास येते. पान कच्चं हाय, बाबू. दोन महिने निजू द्या त्याले." साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माल सोमवारी जायलाच हवा होता, आणि माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "तुमच्या मामीला समजवा," एवढंच म्हणाले.

मी तिला समजावलं नाही. तिने ऐकलं नसतं. मी त्या मालाच्या कागदावर "पसंत" लिहिलं आणि शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

"काय लिहिलं?"

"तू सांगितलं तेच."

तिने अंगठा दिला...

माल परत आला. ओढणाऱ्यांचा घसा धरला, डोळ्यांना पाणी आलं. साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर तो कागद तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "हे तुम्ही पास केलं ना, बाई?" मी चार हात अंतरावर उभा होतो. तिने कागदाकडे पाहिलं, वाचता येत असल्यासारखं. मग माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. "हो," ती म्हणाली. "चुकली असन जीभ. वय झालं आता."

माझं कंत्राट वाढलं. मामी पुन्हा कारखान्यात आली नाही. म्हातारीची चव गेली, असं लोक बोलायचे आणि मी ऐकून घ्यायचो. घरी गेलो की ती पूर्वीसारखंच ताट वाढायची, मुलांची चौकशी करायची. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मीही बोललो नाही. आज नको, पुढच्या वेळी, असं करत चार वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात तिच्या जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेना. जन्मभराच्या तंबाखूने शेवटी हिशेब जिभेवरच मांडला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि संमतीचा फॉर्म माझ्या हातात दिला. लक्ष्मी औषधं आणायला गेली होती. मामी खाटेवर उठून बसली.

"वाच," म्हणाली. "पुरं वाच. जसं हाय तसं."

मी वाचलं. अर्धी जीभ काढावी लागेल. बोलणं अडखळेल. चव बहुतेक राहणार नाही. तरीही खात्री नाही. तिने डोळे मिटून ऐकलं, धूर तोंडात धरल्यावर मिटायची तसेच.

"या बारीनं खरं वाचलं तू," ती म्हणाली. आणि मग, "नोको. मले घरी ने."

मी हट्ट करायला हवा होता. तिला मुलगा असता तर त्याने केला असता. पण मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की माझ्यावर विश्वास ठेव आणि अंगठा दे?

तेराव्याला सगळी पांगल्यावर मी लक्ष्मीजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तो कागद, ते "पसंत", सगळं. तिची जीभ कधीच चुकली नव्हती. ते खोटं मी लिहिलं होतं, आणि आता इथे खरं ते लिहितो आहे.

लक्ष्मी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आईनं मले तवाच सांगितलं, भाऊ. अन् म्हने, त्याले कधी इचारू नोको. तो सोताहून सांगन."

मी उठून मामीच्या खोलीत गेलो. ती जिथे भिंतीला टेकून बसायची तिथे तिच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला आहे. खोलीला पानांचा वास आहे, गोडसर, चांगल्या मुरलेल्या पानांचा. लक्ष्मी दारातून म्हणाली, दिवाळीच्या आधी चुना मारते. त्या डागाला डोकं टेकवायची हिंमत झाली नाही, म्हणून शेजारी जागा सोडून बसलो... बराच वेळ.