अकरावा शिंपला
सरांनी नाकाला रुमाल लावला आणि माझा सोडियमचा अणू पट्टीच्या टोकानं वर उचलला.

"सोडियम रॉकेलात ठेवतात," ते म्हणाले. "हा बहुतेक कालवणात ठेवला होता."

नववीचा वर्ग हसला.

माझ्या प्रतिकृतीत मधे मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाचा गोळा होता. भोवती तारेची तीन कडी. पहिल्यावर दोन शिंपले, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर एक. आईनं ते तीनदा धुतले होते. बाहेरचा शिंपला बांधताना तिनं विचारलं होतं, "ह्यो शेवटचो सुटतलो मा?" मी सांगितलं, हो, सोडियम हा एकच इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो, त्यातून मीठ होतं. जन्मभर मासे खारवणारी आई क्षणभर थांबली. "मगे तेका घट्ट कित्याक बांधूचो? सोडगाठ मारतंय. होडयेक मारतंव तशी."

पट्टी त्या गाठीच्या टोकाला लागली. शिंपला खाली पडला.

"पडला शेवटचा इलेक्ट्रॉन. कोणी बांधलंय हे?"

"आईनं."

"तरीच. गाबतीणीनं मासळीची टोपली बांधावी. अणू कशाला?"

वर्ग पुन्हा हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

अणू व्हरांड्यात भिंतीकडेला ठेवला गेला. मी तो घरी नेला नाही. त्याच संध्याकाळी सर बाजारात आईपुढे उभे होते. सुरमईचे तुकडे त्यांनी तिच्याच हातून करून घेतले. रुमाल खिशात होता.

मी शिकले. आज त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

गेल्या महिन्यात आई गेली. तिच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली, तो अणू सापडला. कधी उचलून आणला, ते ती कधी बोलली नाही. अकरावा शिंपला तिनं परत बांधला होता. घट्ट नाही. तीच सोडगाठ.

बाराव्या दिवशी सर भेटायला आले. खुर्चीत बसले. "तुझ्या आईसारखी सुरमई कोणी कापत नाही आता," म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो म्हणून तू जिद्दीनं शिकलीस. शाळेत तुझा सत्कार ठेवलाय. माझ्या हस्ते."

मी आत जाऊन अणू आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"टोक ओढा, सर."

त्यांनी ओढलं. शिंपला त्यांच्या तळहातावर आला.

"हा निसटला नव्हता. सुटायलाच बांधला होता. माझ्या आईला सोडियम कळला होता. तुम्ही तो आम्हाला नुसता शिकवत होतात."

ते म्हणाले, "अगो, मी गमतीत..."

"सत्काराला मी येणार नाही. शिंपला द्या."

त्यांनी दिला. ते दाराबाहेर जाईपर्यंत मी उभी होते, पण पोचवायला गेले नाही. मग बसून तो परत बांधला.

सोमवारी नववीला सोडियम आहे. हा अणू टेबलावर असेल. गाठ कोणाची आणि ती कोणाला कळली नव्हती, दोन्ही सांगणार आहे.